बियाण्यावरची बुरशी आणि कावेरीकाठची पाने

भाजीपाल्याचे बी बाहेरून कितीही टपोरे आणि निरोगी दिसत असले, तरी त्याच्या सालीवर, सालीच्या आतल्या थरांत आणि क्वचित प्रसंगी थेट अंकुरात बुरशीचे तंतू किंवा बीजाणू दडलेले असू शकतात, आणि असे बी पेरले गेले की रोपाबरोबर रोगही त्याच वाफ्यात वाढू लागतो. बीजाणू म्हणजे बुरशीचे अतिसूक्ष्म पुनरुत्पादक कण. ते वारा, पाणी, माती आणि बियाणे अशा अनेक वाटांनी पसरतात, परंतु बियाण्याची वाट ही त्यांतली सर्वांत घातक म्हणावी लागते, कारण तिच्यामुळे रोग एका गावातून दुसऱ्या गावात आणि एका हंगामातून पुढच्या हंगामात सुखरूप पोचतो. अशा रोगांना बीजजन्य रोग म्हणतात. त्यांचा बंदोबस्त पेरणीपूर्वी होऊ शकतो, तोही मूठभर बियाण्यापुरता. पेरणीनंतर तोच बंदोबस्त एकरभर पिकावर करावा लागतो. बीजप्रक्रियेचे, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्यावर केल्या जाणाऱ्या औषधी संस्काराचे, सारे महत्त्व या एका हिशेबात आहे.

तमिळनाडूतील कुंभकोणम परिसर हा विषय समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे. तंजावरहून सुमारे ४० किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव मराठी वाचकांना परके नाही. तंजावरच्या मराठी राज्याच्या मुलखातले हे गाव, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी भूषवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथील मराठी कुटुंबात झाला. शेतीच्या दृष्टीने हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा गाभा आहे. जवळच्या आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र कार्यरत आहे आणि भात हेच इथले मुख्य पीक आहे, तरीही नदीकाठच्या गाळाच्या उंच पट्ट्यांत केळी, नागवेल आणि वांगी, मिरची, भेंडी यांसारख्या भाज्या पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जातात. तमिळ पंचांगातील आडी महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, इथे पेरणीचा मुहूर्त मानला जातो. महाराष्ट्रात पाऊस ओसरू लागतो तेव्हा इथला मोठा पाऊस सुरू होतो, कारण ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर असा आहे. त्या महिन्यांत हवा इतकी दमट असते की घरात राखलेले बी कोरडे ठेवणे ही एक कसोटीच ठरते.

बियाण्यावरील बुरशींचे ढोबळमानाने दोन गट पडतात, आणि दमट हवेचा संबंध मुख्यतः दुसऱ्या गटाशी आहे. पहिला गट शेतातल्या बुरशींचा, ज्या फळ झाडावर असतानाच बियाण्यात शिरतात. दुसरा साठवणीतल्या बुरशींचा, ज्या बी डब्यात किंवा पोत्यात असताना ओलावा मिळताच वाढतात. अस्परजिलस आणि पेनिसिलियम या दुसऱ्या गटातल्या बुरशी बियाण्याचा साठवलेला अन्नांश खाऊन उगवणशक्ती घटवतात. पहिल्या गटात मिरचीवर फळकूज आणि शेंडेमर आणणारी कोलेटोट्रायकम, टोमॅटोवरील करप्याला कारण होणारी अल्टरनेरिया, वांग्याची फळे सडवणारी फोमॉप्सिस, भेंडीच्या बियाण्यावर आढळणारी मॅक्रोफोमिना आणि अनेक पिकांत मर रोग आणणाऱ्या फ्युझेरियमच्या जाती मोडतात. रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत गळून आडवी पडतात त्या रोपमरीला कारणीभूत असलेली पिथियम मात्र मुख्यतः मातीतून येते, त्यामुळे बियाणे कितीही शुद्ध केले तरी वाफ्याची निगा सुटत नाही.

बियाण्यावर कोणती बुरशी आहे हे ओळखण्याची पद्धत इतकी साधी आणि कमी खर्चाची आहे की कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ती राबवता येते. तिला टिपकागद पद्धत म्हणतात. पेट्री बशीत, म्हणजे काचेच्या झाकणदार चपट्या बशीत, ओल्या टिपकागदाचे तीन थर अंथरून त्यांवर ठरावीक अंतरावर बिया मांडल्या जातात. लहान बिया असतील तर एका बशीत २५, मोठ्या असतील तर १०, आणि एकूण तपासणी ४०० बियांची. या बशा सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस तापमानात, १२ तास प्रकाश आणि १२ तास अंधार अशा क्रमाने सात दिवस ठेवून आठव्या दिवशी प्रत्येक बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. कोलेटोट्रायकम असेल तर बियाण्याच्या सालीवर काळे, ताठ केस उगवलेले ठिपके दिसतात. अल्टरनेरियाचे बीजाणू गदेच्या आकाराचे आणि आडव्या-उभ्या पडद्यांनी विभागलेले असतात. अस्परजिलसची डोकी तर साध्या भिंगानेही ओळखता येतात. बीजरोगशास्त्राला स्वतंत्र शाखेचे रूप देणारे डॅनिश शास्त्रज्ञ पॉल नीरगार्ड यांनी विकसनशील देशांसाठी कोपनहेगन येथे १९६७ मध्ये जी संस्था उभारली, तिच्यामुळे ही पद्धत आशिया-आफ्रिकेतील प्रयोगशाळांत रुजली.

रोग ओळखल्यावर उपायाचा प्रश्न येतो. गेली अनेक दशके त्याचे प्रचलित उत्तर थायरम, कॅप्टन किंवा कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकांचे आहे. ती परिणामकारक आहेत, आणि वनस्पतिजन्य उपायांची बाजू मांडण्यासाठी त्यांची परिणामकारकता नाकारणे हे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि बियाण्यावर विष चोळण्याची किंमत जगाने पाहिलेली आहे. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात, पारायुक्त बुरशीनाशक लावलेले आणि केवळ पेरणीसाठी आलेले धान्य ग्रामीण कुटुंबांनी दळून खाल्ले. ६,५३० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी ४५९ जण दगावले. पारायुक्त संयुगे त्यानंतर बीजप्रक्रियेतून बाद होत गेली. भारत सरकारने मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात थायरम, कॅप्टन आणि कार्बेन्डाझिम ही तिन्ही नावे होती. ज्या घरात पेरणीचे बी आणि स्वयंपाकाची भाजी एकाच फळीवर ठेवली जाते, तिथे कमी विषारी पर्याय शोधणे ही निकडीची गरज आहे.

तो पर्याय कावेरीकाठी कुंपणावर आणि परसात उभा आहे. कडुनिंब, निर्गुडी, अडुळसा, करंज, तुळस, बेल आणि मेंदी या झाडाझुडपांचे अर्क देशभरातील वनस्पतिरोगतज्ज्ञांनी बुरशीविरुद्ध तपासले आहेत. तमिळनाडूत तर पडीक जमिनी व्यापून बसलेल्या वेड्या बाभळीच्या पानांचा अर्क आणि कांदा व लसूण यांच्या संकरातून आलेल्या झिम्मू या वनस्पतीचा अर्कही अभ्यासला गेला आहे. वनस्पती जागची हलू शकत नाही, त्यामुळे बुरशी, जिवाणू आणि किडे यांच्यापासून बचावासाठी ती स्वतःच्या पेशींत निरनिराळी रसायने तयार करते, आणि अर्क म्हणजे त्या रसायनांचे पाण्यात किंवा अन्य द्रावकात उतरवलेले मिश्रण होय.

कुंभकोणमच्या संदर्भात सर्वांत लक्षणीय वनस्पती म्हणजे नागवेल. इथले विड्याचे पान तमिळ प्रदेशात नावाजलेले आहे आणि २०२५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या भागात नागवेल बहुधा हदग्याच्या झाडांवर चढवली जाते, आणि बाजारात न खपणारी फाटकी किंवा डागाळलेली पाने प्रत्येक तोडणीत मागे उरतात. विड्याच्या पानाचा तिखट झणका ज्या संयुगांमुळे येतो, त्यांत युजेनॉल, चॅविकॉल आणि हायड्रॉक्सीचॅविकॉल ही प्रमुख आहेत. ही सर्व फिनॉल गटातली असून बुरशीच्या पेशीभोवतीचे आवरण विस्कळीत करतात, त्यामुळे पेशीतील क्षार आणि अन्नघटक बाहेर झिरपतात आणि बीजाणूचे अंकुरण थांबते. युजेनॉल तुळशीत आणि लवंगेतही असते, हे लक्षात घेतले म्हणजे या तिन्हींचा उपयोग दातांच्या आणि घशाच्या घरगुती औषधांत का होत आला याचाही उलगडा होतो. जे पान टाकून दिले जाते त्यातून बियाण्याचे औषध बनू शकते, ही शक्यता या परिसराने गांभीर्याने तपासण्यासारखी आहे.

अर्क कसा काढला जातो यावर त्याचा गुण किती अवलंबून असतो, हे लसणाच्या उदाहरणाने सर्वांत स्पष्ट होते. अखंड लसणाच्या पाकळीत बुरशीनाशक द्रव्य जवळजवळ नसतेच. तिच्यात ॲलिईन नावाचे गंधहीन संयुग आणि ॲलिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हे दोन घटक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. ॲलिसिन १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते बुरशीच्या विकरांमधील गंधकयुक्त गटांशी जोडले जाऊन त्यांचे काम बंद पाडते. परंतु पाकळ्या आधी उकळल्या तर विकरच नष्ट होते आणि ॲलिसिन बनतच नाही. ठेचून काढलेला अर्कही अनेक दिवस उघडा ठेवला तर ॲलिसिनचे विघटन होऊन तो निष्प्रभ होतो. म्हणून लसूण कच्चा, बारीक ठेचून, त्याच दिवशी वापरला पाहिजे. उकळलेल्या लसणाच्या काढ्याने बियाणे सुधारले नाही तर दोष लसणाचा नसून कृतीचा असतो.

मेंदीचे याउलट आहे. तिच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य बुरशीरोधक म्हणून १९७० च्या दशकातच भारतीय संशोधकांनी नोंदवले; पण ते पानात साखरेच्या रेणूशी बांधलेले असते आणि वाटलेली पाने काही तास ओली राहिल्यावरच मोकळे होते. मेंदी भिजवून मुरत ठेवण्याची घराघरांतील रीत याच रासायनिक कारणावर उभी आहे. कडुनिंबाबाबत तर एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. त्याच्या बियांतील प्रसिद्ध अझाडिरॅक्टिन हे मुख्यतः कीटकांवर काम करते. बुरशीवरील परिणाम बऱ्याच अंशी तेलातील इतर कडू आणि गंधकयुक्त घटकांचा असतो, त्यामुळे बाटलीवर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण जास्त लिहिले आहे एवढ्यावरून ते बुरशीसाठी अधिक चांगले ठरत नाही.

प्रयोगशाळेतील नेहमीची कृती अशी असते की ताजी पाने स्वच्छ धुऊन, तितक्याच वजनाच्या निर्जंतुक पाण्यात वाटून मलमलच्या कापडातून गाळली जातात, आणि हा गाळलेला रस पूर्ण तीव्रतेचा मानून त्यापासून ५, १० किंवा २० टक्क्यांची द्रावणे केली जातात. पाण्याऐवजी अल्कोहोल वापरले तर तेलकट आणि फिनॉलयुक्त घटक अधिक उतरतात व परिणाम बहुधा वाढतो, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्यातला अर्कच व्यवहार्य असतो. अर्काची परीक्षा दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत बटाटा, साखर आणि आगार यांच्या पोषक माध्यमात अर्क मिसळून त्याच्या मध्यभागी बुरशीचा छोटा तुकडा ठेवला जातो आणि काही दिवसांनी तिच्या वाढीचा व्यास अर्क नसलेल्या बशीतील वाढीशी ताडला जातो. साध्या बशीत ८० मिलिमीटर आणि अर्काच्या बशीत २० मिलिमीटर वाढ झाली असेल, तर रोध ७५ टक्के. या पद्धतीला विषयुक्त माध्यम पद्धत म्हणतात. दुसऱ्या पायरीत प्रत्यक्ष बिया अर्कात काही तास भिजवून, सावलीत सुकवून टिपकागदावर मांडल्या जातात.

या दोन पायऱ्यांमधले अंतर अनेक उत्साही लेखांत विसरले जाते. बशीत बुरशीचा अर्काशी सतत संपर्क असतो, तर बियाण्यात ती सालीच्या आड सुरक्षित बसलेली असते. त्यामुळे बशीतला उत्तम अर्क बियाण्यावर मध्यम ठरू शकतो. शिवाय बुरशी मेली पण अंकुरही खुरटला, तर त्या यशाचा उपयोग नाही. अनेक वनस्पतींचे तीव्र अर्क दुसऱ्या वनस्पतींच्या अंकुरणाला बाधक असतात, म्हणून प्रत्येक पिकासाठी आणि प्रत्येक अर्कासाठी मात्रा आणि भिजवण्याचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. भारतातील बियाणे प्रमाणीकरणाच्या निकषांनुसार वांगी व टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के, भेंडीची ६५ आणि मिरचीची ६० टक्के असावी लागते. अर्काने बुरशी घटवताना हा आकडा राखला किंवा वाढवला, तरच तो स्वीकारण्याजोगा. रोपांची जोमदारी मोजण्यासाठी उगवणीची टक्केवारी आणि रोपाची लांबी यांचा गुणाकार केला जातो, आणि अर्काचा खरा निवाडा या आकड्यावर व्हावा, कारण शेतकऱ्याला अखेर रोप हवे असते.

बुरशीनाशकांच्या परीक्षणपद्धती भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत ज्या ग्रंथाने पोचवल्या, त्याचे एक लेखक यशवंत लक्ष्मण नेने हे होते. भाताच्या खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे हे पंतनगर येथे दाखवून देणाऱ्या या वनस्पतिरोगतज्ज्ञाने पुढे प्राचीन कृषिविद्येच्या अभ्यासासाठी एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातून सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाच्या हस्तलिखिताची प्रत १९९४ मध्ये मिळवली. संस्कृतच्या अभ्यासक नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात नैसर्गिकरीत्या पिकून वाळलेल्या फळांतून बी काढावे, त्यावर दूध शिंपडून ते वाळवावे आणि वावडिंगाची धुरी द्यावी असे सांगितले आहे. वावडिंगातील एम्बेलिन या द्रव्याची जंतुरोधक क्रिया आज ज्ञात आहे. तरी जुन्या ग्रंथातील प्रत्येक कृती आधुनिक कसोटीला उतरेलच असे गृहीत धरणे योग्य नाही, आणि रासायनिक बुरशीनाशकांवर प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या नेने यांनीच या विद्येकडे लक्ष वेधावे, यातून परीक्षणाची अपेक्षाच सूचित होते.

अशा ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही एकदा न्यायासनापुढे गेला, आणि त्यात महाराष्ट्रातील शेतांचा पुरावा महत्त्वाचा ठरला. कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्याला आव्हान दिले. सुनावणीत अभय फडके यांनी साक्ष दिली की, १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या बियांपासून काढलेल्या अर्काचे बुरशीविरुद्ध क्षेत्रीय प्रयोग शेतकऱ्यांसमोर झाले होते. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. पूर्वीच उघडपणे वापरलेल्या गोष्टीवर तो हक्क मिळू शकत नाही. कार्यालयाने १० मे २००० रोजी पेटंट रद्द केले आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले. शेतात झालेल्या प्रयोगाची तारीख, ठिकाण आणि साक्षीदार यांची नोंद असणे किती मोलाचे असते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

या उपायांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. बुरशी अंकुरापर्यंत शिरलेली असेल, तर पाण्यातला अर्क तिथवर बहुधा पोचत नाही. अशा वांगी किंवा टोमॅटोच्या बियाण्याला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवण्याची उष्णजल प्रक्रिया अधिक भरवशाची असते, मात्र तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तरी अंकुर मरू शकतो. एकाच जातीच्या पानांतील द्रव्यांचे प्रमाण ऋतू, माती, पानाचे वय आणि वाण यांनुसार बदलते, त्यामुळे एका गावात यशस्वी झालेला अर्क दुसरीकडे फिका पडू शकतो. धोत्र्यासारखी वनस्पती बुरशीविरुद्ध उपयोगी असली तरी माणसाला घातक आहे, आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक ही समजूत घरात मुले असताना महागात पडू शकते. व्यापारी विक्रीसाठी असे उत्पादन १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावे लागते, त्यासाठी घटकांचे प्रमाण निश्चित असावे लागते, आणि नेमके हेच प्रमाणीकरण पानांच्या साध्या अर्काला अवघड जाते.

कुंभकोणमसारख्या दमट भागात आणखी एक अडचण उभी राहते, जी कोरड्या प्रदेशातील प्रयोगांत जाणवत नाही. वांगी, टोमॅटो आणि मिरचीचे बियाणे साठवताना त्यातील ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि हवाबंद डब्यात तर ६ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे. अर्कात भिजवलेले बी पुन्हा या पातळीपर्यंत सुकवणे ईशान्य मोसमी पावसात जवळजवळ अशक्य असते, आणि ओलसर राहिलेल्या बियाण्यावर अस्परजिलस पुन्हा चढते. म्हणजे एका बुरशीसाठी केलेला उपाय दुसरीला आमंत्रण देतो. यावरचा समंजस मार्ग असा की ओला अर्क पेरणीच्या आदल्या दिवशीच वापरावा, आणि साठवणीसाठी पूर्ण वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांची बारीक पूड बियाण्याला चोळून ठेवावी. तमिळ घरांत डोके धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अरप्पू या झाडाच्या पानांची पूड तमिळनाडूतील बीजतंत्रज्ञांनी बियाण्यावर लेप देण्यासाठी वापरली आहे, ती याच कोरड्या प्रक्रियेच्या जातीची.

विड्याच्या पानांबाबतचे काम मात्र अजून व्हायचे आहे, आणि त्याची रूपरेषा अवघड नाही. स्थानिक वाणांच्या टाकाऊ पानांतील हायड्रॉक्सीचॅविकॉलचे प्रमाण वर्षभर दर महिन्याला मोजणे, त्यावरून अर्काची एक निश्चित तीव्रता ठरवणे, त्याच परिसरातील शेतकऱ्यांनी राखलेल्या मिरची आणि वांग्याच्या बियाण्याच्या ४०० बियांवर टिपकागद चाचणी घेणे, सोबत थायरम लावलेल्या आणि नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बिया तुलनेसाठी ठेवणे, आणि आडी महिन्यात त्या सर्व प्रत्यक्ष वाफ्यात पेरून उगवलेल्या रोपांची मोजणी करणे, एवढी साधने आणि एवढा वेळ कावेरीकाठच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे.